ओलेग राजाच्या मरणाची अकरा पानं

१

श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी, दिवस कलल्यावर, तलवाड्याच्या महादेवाच्या देवळात कीव शहराचा राजा ओलेग मरायचा होता. तो मेला नाही, कारण त्याचं मरण चोरीला गेलं.

हे वाचून कुणी माझ्या डोक्याबद्दल शंका घेण्याआधी मीच सगळं नीट सांगतो. मी रामहरी मास्तर, तलवाड्याच्या शाळेचा. निजाम सरकारच्या त्या काळात आमच्या गेवराई तालुक्यात इंग्रजी वाचता येणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता यायची, आणि त्यातलं एक बोट मी होतो. औरंगाबादच्या एका पेन्शनर इंजिनियरसाहेबांकडून मी रशिया नावाच्या बर्फाळ मुलखातल्या आद्य राजांचं पुस्तक वाचायला आणलं होतं. ते सगळं मी मराठीत उतरवून काढलं, सुट्या लांबट पानांवर, मोडीत, आणि लाल रुमालात बांधून ठेवलं. पुस्तक परत गेलं. माझा विचार ते छापायचा होता. पण आमचे पुराणिकबुवा दोन दिवसांसाठी म्हणून नारायणगडावर गेले, तिथलं जेवण त्यांना मानवलं आणि ते परतलेच नाहीत. श्रावणात पोथी बंद पडणार म्हणून गाव हवालदिल झालं. तेव्हा विठ्ठलराव पाटील माझ्याकडे आले.

"मास्तर, तुमची ती पोथी काढा," ते म्हणाले.

"पाटील, ती पोथी नव्हे. इतिहास आहे तो."

"त्यात राजे हायेत का?"

"आहेत."

"मरतेत का?"

"सगळेच."

"मंग पोथीच हाय ती."

अशी माझ्या इतिहासाची पोथी झाली. पहिल्या दिवशी रुरिक राजा वाचला. तिथल्या लोकांचं आपसात पटेना, म्हणून त्यांनी समुद्रापलीकडे निरोप धाडला की आमची जमीन मोठी आहे, पिकाऊ आहे, पण बंदोबस्त नाही, तेव्हा तुम्ही येऊन आमच्यावर राज्य करा. यावर देवळात फार वेळ चर्चा चालली. अशी अर्जी आपण केली तर राजा येणार नाही, तहसीलदार येईल, आणि तो परत जायचं नाव घेणार नाही, असं शेवटी सगळ्यांचं ठरलं.

अडचण आली ती थांबण्याची. पोथी अशुभावर थांबवायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. कुणी मेलं, कुणी वनात गेलं की तिथे रुमाल बांधायचा नाही. पुढे वाचत जायचं ते लग्न, राज्याभिषेक किंवा विजय लागेपर्यंत. आता रशियाचे राजे काही आमच्या सोयीने मरत नव्हते. रुरिक मेला त्या दिवशी शुभ जागा शोधता शोधता माझा घसा बसला आणि समईतलं तेल संपलं. तेव्हापासून मी एक युक्ती केली. जिथून वाचायचं तिथे मोरपीस घालायचं आणि जिथे शुभ प्रसंगावर थांबायचं तिथे आधीच तुळशीचं पान घालून ठेवायचं. मरण असलं की दोघांतलं अंतर वाढायचं. रोज एका घरची तेलाची पाळी असे. मरणाच्या आदल्या दिवशी त्या घरच्या बाईला मी हळूच सांगायचो की उद्या तेल जरा जास्त पाठवा. कारण सांगायचो नाही. कथेची गोडी जाऊ नये म्हणून मी पुढचं अक्षरही कुणाला कळू देत नसे. माझ्या या हुशारीवर मी स्वतःच खूश होतो.

सोमवारी ओलेग राजाची कथा लागली. ज्योतिष्याने त्याला सांगितलं की तुझा लाडका घोडाच तुझ्या मरणाला कारण होईल. राजाने घोडा दूर धाडला. त्याला चांगलं खाऊ-पिऊ घाला, पण माझ्यासमोर आणू नका, असा हुकूम केला. मग तो ग्रीकांवर चालून गेला. नावांना चाकं लावून त्या जमिनीवरून चालवल्या आणि शत्रूच्या वेशीवर आपली ढाल टांगली. विजय झाला, मी थांबलो.

विठ्ठलराव पाटील उभे राहिले. आमचे पंडित जोशी यांनी फाल्गुनात पाटलांची पत्रिका पाहून हेच सांगितलं होतं, की घोड्यापासून घात आहे. तेव्हापासून पाटील आपल्या चंद्री घोडीवर बसले नव्हते.

"त्यो राजा तसा मी," पाटील सगळ्यांसमोर म्हणाले. "घोडं दूर केलं तवा त्येला यश आलं. राधाकिशन, शुक्रवारी चंद्री घेऊन जा."

राधाकिशन हा कापडवाला. मोहनरावाच्या, म्हणजे त्याच्या मुलाच्या, वरातीसाठी तो दोन वर्षं त्या घोडीच्या मागे होता. त्याने लगेच हात जोडले. पायरीवर बसलेल्या आश्रुबाकडे कुणीच पाहिलं नाही. आश्रुबा पाटलांचा घोडेवाला. चंद्रीची आई वीत असताना मेली, तेव्हा त्याने कापडाची वात शेळीच्या दुधात बुडवून त्या शिंगराला जगवलं होतं. त्याला बायको नव्हती, मूल नव्हतं, जे काही होतं ते चंद्रीच होती.

मी मात्र मनात हसत होतो. दुसऱ्या दिवशीच्या पानांत काय आहे ते मला ठाऊक होतं. घोडा दूर धाडला तरी ओलेग वाचत नाही. पाच वर्षांनी त्या घोड्याच्याच कवटीतून साप निघतो आणि राजाला डसतो. हे ऐकलं की पाटील घोडी देणार नाहीत, अशी माझी खात्री होती. देवळातून निघताना मी पाटलीणबाईंना, छबुबाईंना, म्हणालो की उद्या तुमच्या घरची पाळी, तेल जरा जास्त पाठवा.

मंगळवारी सगळं गाव जमलं. पाटलांची मुलगी शिवकन्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तीसुद्धा खांबाला टेकून बसली. समईजवळ तेलाची बुधली ठेवलेली होती. मी कोनाड्यातून लाल रुमाल काढला, गाठ सोडली आणि वाचायला तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. मोरपीस होतं, तुळशीचं पान होतं. मधली अकरा पानं नव्हती.

२

दुसऱ्या दिवशी गेवराईच्या पोलीस ठाण्यातून बंकट जमादार आला. गडी पोटाने सुखी आणि डोळ्याने झोपाळू. देवळाच्या पारावर बसून त्याने कागद काढला.

"मयत कोन?" त्याने विचारलं.

"मयत कुणी नाही. पानं चोरीला गेलीत," मी म्हणालो.

"पाटील तर म्हनले, राजाच्या मरनाचा मामला हाय."

मी त्याला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे कागदावर उर्दूत लिहायला घेतलं. ओलेग, पेशा राजा. वल्द, म्हणजे बापाचं नाव? ठाऊक नाही. राहणार कीव. कीव कोणत्या तालुक्यात येतं, हे त्याने मला तीनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा मी चिडलो. मग त्याने कागद घडी करून खिशात घातला.

"मास्तर, ते राहू द्या. त्या रुरिकाचं फुडं काय झालं ते सांगा. मी सुरुवातीपसून न्हवतो ना."

अर्धा तास मी त्याला रुरिक सांगत बसलो. तपास म्हणतात तो हाच असेल, तर चोर आनंदाने दुसरी पानं न्यायला येईल, असं मला वाटलं.

पण मग त्याने राधाकिशनला बोलावलं. राधाकिशनला मोडी वाचता येत होती, घोडी हवी होती, आणि मंगळवारी सकाळी तो देवळात आलाही होता. माझ्या मते प्रकरण तिथेच संपलं होतं.

"सकाळी देवळात आलता का?" जमादाराने विचारलं.

"रोज येतो. दर्शनाला."

"कोनाड्यापाशी?"

"मला घोडी पायजे, जमादार. कागद घेऊन काय करू? त्यात काय लिवलंय ते मला काय ठावं? मास्तरला कितीबी विचारा, उद्या या म्हनतेत."

जमादाराने माझ्याकडे पाहिलं. ते खरं होतं, म्हणून मी दुसरीकडे पाहिलं.

पंडित जोशी आले ते पागोटं नीट करत. त्यांनाही वाचता येत होतं. पण त्यांची तक्रारच वेगळी होती. "मी चोरी कावून करू? त्या राजाच्या जोश्याचं भाकीत खरं ठरलं का खोटं, ह्याच्यावर माझी अब्रू हाय. मंगळवारी सगळ्यात आधी येऊन मीच बसलतो."

शेवटी आश्रुबा. तो बोलवायला गेल्यावरही आला नाही, म्हणून आम्हीच तबेल्यात गेलो. तो चंद्रीला खरारा करत होता. डोळे सुजलेले होते.

"काय बे आश्रुबा, पानं कुनी नेली?" जमादाराने विचारलं.

"मला वाचाया येत न्हाई, सरकार."

"वाचाया येतं का ते विचारलं न्हाई."

"घोडं धाडलं ते पान चोरलं असतं मी," आश्रुबा म्हणाला. "पर ते तर सोमवारीच वाचून झालं. आता चोरून काय उपेग?"

जमादार जरा वेळ घोडीकडे पाहत राहिला. मग मला म्हणाला, "मास्तर, ह्या गावात चोरी कराया लायक मानूस एकबी न्हाई. आता काय करता?"

मला काय करायचं ते कळलं होतं, आणि ते मी त्याला सांगितलं नाही.

३

मी घरी गेलो, शाई घोटली आणि ओलेगचं मरण पुन्हा लिहून काढलं. लिहिणारा मीच होतो, कथा डोक्यात पक्की होती. दोन पानांत कवटी, साप, राजा, सगळं आलं. बुधवारी दिवेलागणीच्या आत मी ती पानं घेऊन पाटलांच्या ओसरीवर उभा राहिलो आणि म्हणालो की पानं सापडली.

पाटलांनी पान हातात घेतलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते नाकाला लावलं. मग अंगठा फिरवला आणि काळा झालेला अंगठा मला दाखवला.

"मास्तर, ही पोथी कालची का आजची?"

"पाटील, मजकूर तोच आहे. मीच लिहिलाय, तोही आणि हाही. घोडा दूर धाडला तरी राजा वाचत नाही."

"तोंडी तर कुनीबी सांगल. आन् ताजं कुनीबी लिवल. पोथीत व्हतं तेच खरं." मग त्यांचा आवाज चढला. "आश्रुबा तुमच्याकडं रडत आला व्हता का? त्येच्यासाठी तुमी राजाला मारायला निघाले?"

मी कपाळावर हात मारला. ज्या माणसाने ती पोथी स्वतःच्या हाताने लिहिली, त्याच्यावर तिच्यात भर घातल्याचा आळ आला होता. आमच्या गावात एकदा रुमालात बांधलेलं ते देवाचं. लिहिणाऱ्याचा त्याच्यावर काही हक्क राहत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

"शुक्रवारपर्यंत थांबायचं न्हाई आता," पाटील म्हणाले. "राधाकिशनला निरोप धाडतो. उद्या संध्याकाळी घोडी देवळापसून घेऊन जाईल."

घराच्या आतल्या दारात बांगड्या वाजल्या. छबुबाई सगळं ऐकत उभ्या होत्या. बाहेर तबेल्याच्या भिंतीला पाठ लावून आश्रुबा उभा होता, त्यानेही ऐकलं.  मला फार वाईट वाटलं. मदत करायला गेलो आणि त्याचा एक दिवस मी कमी करून आलो.

४

गुरुवारी सकाळी मी जमादाराला सगळं सांगितलं. तो हसला नाही, ही त्याची भलमनसाई. मला घेऊन तो देवळात गेला आणि रुमाल सोडायला लावला.

"मंगळवारी तुमी सोडला तवा गाठ अशीच व्हती?"

"अशीच. रोजची मी मारतो तशी दुहेरी."

"मोरपीस आन् तुळस?"

"एकाशेजारी एक ठेवलेली. नीट."

"अकरा पानं गेली. आता सांगा, राजाचं मरन कितव्या पानावर व्हतं?"

"दुसऱ्या. तिसऱ्यावर संपतं."

"मंग बाकीची नऊ कावून नेली?" जमादाराने मांडी घातली. "राधाकिशननं न्हाई तर जोश्यानं नेली असती, तर दोन पानं नेली असती. वाचनारा मानूस लागंल तेवढंच चोरतो. ह्यानं मोरपिसापसून तुळशीपर्यंत समदं उचललं. म्हंजी ह्येला वाचाया येत न्हाई. खुना मात्र कळतेत."

"पण वाचता येत नाही तर आत मरण आहे हे कसं कळलं? मी कुणाला सांगितलं नव्हतं."

तेवढ्यात गुरवाची बायनाबाई झाडत झाडत जवळ आली. देवळाची झाडलोट, फुलं, समई सगळं तिच्याकडे. तिचं आमच्याकडे लक्ष नसल्यासारखं ती म्हणाली, "मास्तरनं कशाला सांगाया पायजे? तेल सांगतंय की."

"काय सांगतंय?" मी विचारलं.

"मास्तर ज्या घरी तेल जास्त मागतेत, त्या घरच्या बाईला कळतंय की उद्या राजा मरतो. रुरिक मेला तवा तेल कमी पडलं. मंग कीवचे पयले दोन राजे मेले, त्याच्या आदल्या दिशी राधाकिशनच्या सुंदरबाईला तुमी दोन बुधल्या मागितल्या. दोनदा झालं की बायांला कळतंय, मास्तर. समद्या गावच्या बायांला ठावं हाय. तुमाला तेवढं ठावं न्हाई."

माझी हुशारी तिने केराबरोबर उंबऱ्याबाहेर लोटली.

जमादार मात्र जागा झाला. त्याचे डोळे मी प्रथमच पुरते उघडे पाहिले. "बायनाबाई, मंगळवारी तेल कवा आलं?"

"सकाळीच. पाटलीणबाई सवता आल्या व्हत्या. मी विहिरीवर गेलते, आले तवा त्या निघाल्या व्हत्या."

"किती आलं?"

"रोजच्याइतकं. एक बुधली. मला नवल वाटलं. पाटलाचं घर, आन् मास्तरनं जास्त मागितल्यालं."

जमादार उठला, धोतर झटकलं आणि मला विचारलं, "मास्तर, आज माझं जेवन कुनाच्या घरी हाय?"

"पाटलांच्या."

"लई चांगलं झालं. चोराच्या घरी जेवन नेहमी बरं असतं."

५

पाटील शेतावर गेले होते. छबुबाईंनी पदर पुढे ओढून स्वतः वाढलं. भाकरी, येसर आमटी, वर लोणकढं तूप. जमादार मन लावून जेवत होता.  सरळ विचारायची सोय नव्हती. पाटलांच्या घरच्या बाईला जमादाराने चोर म्हणायचं, तर गेवराईपर्यंत आम्हाला पळतच जावं लागलं असतं.

दुसरी भाकरी संपल्यावर जमादार सहज म्हणाला, "मास्तर, त्या अकरा पानांत शेवटाला काय हाय वो? तुळशीपाशी?"

"शेवटी शुभ आहे. ओलेगनंतर इगोर राजा होतो, त्याच्या ओल्गाराणीला मुलगा होतो."

"म्हंजी ती बाई दिवस भरलेली हाय."

"असं म्हणता येईल."

"आन् पानं मंगळवारी गेली. मंग ते लेकरू?"

तो कुठे निघाला आहे ते मला आता कळलं, आणि मीही तोंड गंभीर केलं. "पानं सापडेपर्यंत काही जन्मत नाही."

"मंगळवार, बुधवार, गुरुवार," जमादाराने बोटांवर मोजलं. "तिसरा दिवस. बाई अडलीया, मास्तर."

आमटीचा पळा हवेत थांबला. आतल्या खोलीत शिवकन्या काहीतरी गुणगुणत होती, तेवढंच ऐकू येत होतं.

"मरन अडवाया गेलं कुनी," जमादार भाकरी मोडत म्हणाला, "आन् बाळंतपन अडकवून बसलं."

छबुबाईंनी पळा खाली ठेवला आणि त्या आत गेल्या. देवघराची कडी वाजली. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात सोवळ्याच्या पिवळ्या वस्त्रात गुंडाळलेली अकरा पानं होती. वरती हळद-कुंकू वाहिलेलं होतं. पानं त्यांनी माझ्यापुढे पाटावर ठेवली आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

"पोथी जाळता येत न्हाई, पान्यात टाकाया जीव झाला न्हाई," त्या म्हणाल्या. "देवापाशी ठिवली. सोमवारी तेंनी समद्या गावाम्होरं सांगितलं, त्यो राजा तसा मी. आन् लगेच तुमी म्हनले, उद्या तेल जास्त. मी रातभर पडून व्हते, डोळ्याला डोळा लागला न्हाई. मला भ्या वाटलं, मास्तर. देवळात बसून नवऱ्याचं मरन कसं ऐकू मी?"

 मी आयुष्यात कधी कुणाला घाबरवण्याइतकं चांगलं लिहिलं असेल, असं मला वाटलं नव्हतं.

"आन् घोडी?" जमादाराने विचारलं. आवाज अगदी मऊ होता.

छबुबाईंनी मान खाली घातली. "घोडी गेली तर जाऊ द्या, म्हनलं. आश्रुबाचं लई वाईट वाटलं. पर माझ्या मानसापुढं मला दुसरं कायबी दिसलं न्हाई."  मग उठल्या. "वाचा आज. माझ्या लेकीपायी वाचा. पर मी तेंच्या शेजारी बसनार."

बायका एका बाजूला आणि पुरुष एका बाजूला, ही देवळातली रीत. नवरा-बायको जवळ बसतात ते फक्त पूजेला. जमादाराने त्यावरही तोड काढली. आजच्या पोथीचे यजमान पाटील आणि पाटलीणबाई, असं त्याने परस्पर जाहीर करून टाकलं. पानं कुठे सापडली असं पाटलांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "देवापाशी." यात खोटं काहीच नव्हतं. पानं जुनी होती, शाई वाळलेली होती, वर हळद-कुंकू होतं. पाटलांनी ती कपाळाला लावली.

"वाचा," ते म्हणाले. "वाचून झालं की राधाकिशन घोडी नेईल. बोललो ते बोललो."

६

त्या संध्याकाळी देवळात मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर पिंपळाला चंद्री बांधलेली होती. राधाकिशन नवा कासरा मांडीवर घेऊनच बसला होता. आश्रुबा दाराजवळ, जिथून घोडी दिसत होती तिथे. पाटील आणि छबुबाई पुढे पाटावर. दोन बुधल्या तेल आलं होतं, त्यामुळे बायकांना सगळं आधीच कळलेलं होतं आणि त्या पदर तोंडाला लावून तयार होत्या.

मी वाचलं. पाचव्या वर्षी ओलेगला घोड्याची आठवण झाली. त्याने विचारलं, माझा घोडा कुठे आहे? चाकर म्हणाले, तो मेला. राजा ज्योतिष्याला हसला. घोडा मेला आणि मी जिवंत आहे, म्हणाला. मग तो हाडं पाहायला गेला. उघडी कवटी पडली होती. ही मला मारणार होय, असं म्हणून त्याने तिच्यावर पाय ठेवला. आतून साप निघाला आणि पायाला डसला. राजा आजारी पडला आणि मेला.

छबुबाईंनी पाटलांच्या उपरण्याचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. 

"म्हंजी धाडलं तरी मेला," पाटील शेवटी म्हणाले.

"भाकीत खरं ठरलं," पंडित जोशी म्हणाले. त्यांचा आनंद त्यांना लपवता आला नाही.

राधाकिशनने कासरा सरळ केला. "मंग पाटील, घोडी घरी असली काय आन् नसली काय, व्हायचं ते व्हनारच. ठरल्यापरमानं माझ्याकडं द्या."

  ज्या पानांसाठी आम्ही तीन दिवस जिवाचं रान केलं, ती पानं घोडी वाचवत नव्हती. पाटलांनी मान डोलावली. "खरं हाय," म्हणाले.

"मास्तर," दारातून आश्रुबा म्हणाला. देवळात तो कधी बोललेला मला आठवत नाही. "त्या पाच सालात राजा घोड्याला बघाया एकदा तरी गेलता का?"

मी पान पुन्हा पाहिलं. "नाही."

"मेलं ते कवा कळलं त्येला?"

"त्याने विचारलं तेव्हा. मेल्यावर."

"मरताना जवळ कोन व्हतं, लिवलंय का?"

"नाही लिहिलेलं."

"बरं," आश्रुबा म्हणाला. जरा थांबून त्याने विचारलं, "घोड्यानं काय केलं व्हतं वो?"

मी पोथीत शोधायचा आव आणला नाही. सगळे पाटलांकडे पाहत होते. पाटील जमिनीकडे पाहत होते.  मला वाटलं, आता भडकतील.

"कायबी न्हाई," पाटील म्हणाले. "घोड्यानं कायबी केलं न्हवतं." मग राधाकिशनकडे वळले. "मोहनरावाच्या वरातीला घोडी येईल. आश्रुबा घेऊन येईल आन् आश्रुबाच माघारी आनंल. कासरा घरी ने."

राधाकिशनने तोंड उघडलं, जमादाराने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तोंड मिटलं.

"मास्तर, वाचा फुडं," छबुबाई घाईघाईने म्हणाल्या. "लवकर वाचा."

मी इगोरचं राज्य वाचलं, त्याच्या लढाया धावत्या वाचल्या आणि तुळशीच्या पानापर्यंत पोचलो. ओल्गाराणीला मुलगा झाला. बायकांनी सुंठवडा आणलेलाच होता, तो वाटला. जमादाराने दोनदा घेतला. मी रुमाल बांधून बाहेर आलो तेव्हा पाटील चंद्रीजवळ उभे होते. आश्रुबाने जीन आवळलं होतं आणि त्याचा चेहरा ओला होता, तो पुसायची त्याने तसदी घेतली नव्हती.

"बसा, मालक."

"भ्या वाटतंय बे," पाटील हळूच म्हणाले.

"मी धरतो."

पाटील बसले. आश्रुबाने लगाम धरला, आणि छबुबाई पदर सावरत मागून चालू लागल्या. पाटलांचं घर देवळापासून फार तर दोनशे पावलांवर होतं. त्या दिवशी त्या तिघांना पोचायला बराच वेळ लागला.